जुन्या भांड्यावर नवी फ्लशची टाकी? आधी हे वाचा

तुम्ही लिहिलंय की परळच्या जुन्या इमारतीत घर आहे, कमोड जुनाच ठेवायचाय, आणि प्लंबर म्हणतोय नुसती दोन बटणांची टाकी बसवू, पाणी निम्म्यावर येईल. थांबा. आमच्याकडे एका दुकानानं अगदी हेच सांगून टाकी विकली होती.

बादलीनं आंघोळ, दात घासताना नळ बंद, हे तुम्ही करतच असाल. त्यावर लिहीत नाही.

कमोडच्या जुन्या भांड्याचा उतार आणि ट्रॅपचं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खालच्या नळीचं, वळण 10-12 लिटरच्या लोटासाठी केलेलं असतं. नवी टाकी मोठ्या बटणाला साधारण 6 आणि छोट्याला 3 लिटर सोडते. तेवढ्यात जुनं भांडं साफ होत नाही. मग घरातला प्रत्येक जण दोनदा दाबतो, वर मगानं पाणी ओततो. म्हणजे पुन्हा 12 लिटर. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, "मग दोनदा दाबा ना!" पाणी वाचवण्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर. टाकी आणि भांडं एकमेकांना जुळणारं लागतं, हे विकताना अवाक्षरानं सांगितलं नाही. वर "बसवलेला माल परत घेत नाही." अजूनही संताप होतो.

आणि मुंबईत ही नासाडी कळतही नाही. बहुतेक सोसायट्यांत पाण्याचं मीटर सामायिक, बिल मेंटेनन्समध्ये वाटलेलं. पण यातलं बरंचसं पाणी शहापूर तालुक्यातल्या तानसा-भातसा धरणांतून येतं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मला तरी हे विसरता येत नाही.

म्हणून माझं मत: आधी गळती बघा, खरेदी नंतर. रात्री टाकीत कपड्यांची नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळा रंग उतरला तर बहुधा टाकीच्या तळाचं रबरी सील गेलंय. ते किरकोळ पैशांत बदलून मिळतं. टाकी जुनी, मोठी असेल तर पाणी भरलेली एक लिटरची बाटली आत उभी ठेवा, फक्त फ्लोटला, म्हणजे टाकीतल्या तरंगत्या गोळ्याला, अडू देऊ नका. भांडं नीट साफ होत नसेल तर ती काढून टाका, उगाच हट्ट नको.

बदलायचंच असेल तर टाकी-भांडं जोडीनं घ्या. आधी एस-ट्रॅप (पाइप जमिनीत जातो) आहे की पी-ट्रॅप (पाइप मागे भिंतीत जातो) ते बघा, आणि एस-ट्रॅप असेल तर भिंतीपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून दुकानात न्या. लादी फोडावी लागली तर वॉटरप्रूफिंगमध्ये काटकसर नको, खालच्या घराच्या छताचा प्रश्न असतो. सोसायटीची परवानगी लेखी घ्या. मी प्लंबर नाही, तुमची लाइन कशी आहे ते जाणकाराला प्रत्यक्ष दाखवाच.

नळांना एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणारं जाळीचं टोपण, जरूर लावा. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा त्याची जाळी काढून धुवा, नाहीतर धार बारीक झाली म्हणून घरातलेच काढून फेकतील. गीझर मे महिन्यात बंदच ठेवा.

एक वेगळंच, पण राहवत नाही: बाथरूम धुवायला ॲसिड आणू नका. टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग लिंबूसत्त्वाच्या पाण्यानं निघतात, रात्रभर लावून ठेवा. ॲसिड आणि ब्लीच तर चुकूनही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो, आणि आपल्या बाथरूमना खिडकी असते ती वीतभर.