‘सगोत्र’ हे विशेषण लग्नाच्या बोलण्यात ऐकू येतं, आणि ‘सगोत्र भाषा’ असंही वाचायला मिळतं. दोन्हीकडे अर्थ एकच का?

गाभा एकच, ‘ज्यांचं मूळ समान आहे ते’. पण कसोटी वेगळी. आधी शब्द: समान आहे गोत्र ज्याचं तो सगोत्र, म्हणजे बहुव्रीही समास. इथला ‘स’ ‘समान’चा आहे. ‘सपरिवार’मधला ‘स’ मात्र ‘सह’चा, ही गल्लत शाळेपासून चालत आलेली.

लग्नात गोत्र म्हणजे मूळ ऋषीशी जोडलेली परंपरा. एकाच गोत्रात लग्न नको, ही रूढी; कायद्यात ही अडचण 1946 सालीच दूर झाली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात पाहतात ते सपिंड नातं: वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन, रूढीचा अपवाद सोडून. सगोत्र आणि सपिंड एक नव्हेत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर सांगा.

भाषाशास्त्रातला वापर मला सर्वांत आवडतो. मराठी ‘हात’ आणि गुजराती ‘हाथ’ सगोत्र, कारण दोन्ही ‘हस्त’वरून आले. शब्द नुसते सारखे दिसून भागत नाही, वारशाने यावे लागतात. मुंबईचा वडापावच घ्या. ‘पाव’ पोर्तुगीजांकडून आला, तो उसना शब्द, सगोत्र नव्हे. पण आपला ‘पाय’ (मूळ ‘पाद’) आणि पोर्तुगीजमधला पायासाठीचा ‘पे’ हे खरे सगोत्र, हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच मुळाचे! म्हणून ‘अण्णा’, ‘अक्का’ कन्नडमध्येही आहेत एवढ्यावरून मराठी-कन्नड सगोत्र ठरत नाहीत. कन्नड द्राविडी कुळातली.