पाचवीचं गणित : पालकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी पाचवीत आहे. १/२ + १/३ चं उत्तर २/५ लिहिते. छेद समान करायची रीत कितीदा सांगितली, तरी पुन्हा तेच. काय करावं?

उत्तर : अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा, हा तिने स्वतःच काढलेला नियम आहे. चार वर्षं पूर्ण संख्यांची बेरीज केल्यावर तो सुचणारच. रीत बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा : २/५ अर्ध्यापेक्षा मोठा की लहान? अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे तिला स्वतःला खटकलं पाहिजे.

मग १२ सेंमी लांबीच्या तीन कागदी पट्ट्या कापा. एकीचे दोन, दुसरीचे तीन, तिसरीचे सहा समान भाग करा. तीन भागांची घडी अंदाजाने घालू नका, फसते. मोजपट्टीने ४ आणि ८ सेंमीवर खुणा करा. अर्ध्याखाली सहांशाचे तीन तुकडे बसतात, एकतृतीयांशाखाली दोन. झाले ५/६. पट्ट्या कमीजास्त लांबीच्या असतील तर सगळंच बिघडतं. भाकरीचे गोल तुकडेही इथे नकोत, कारण गोलाचे नेमके तीन भाग मोठ्यांनाही जमत नाहीत. पुढे २/३ + १/४ साठी पट्टीवर १२ भाग पाडा : ८ आणि ३, म्हणजे ११/१२. ‘समच्छेद’ हा शब्द यानंतर आला तरी चालेल.

शिकवणीत तिरकस गुणाकाराची (प्रत्येक अंश समोरच्या छेदाने आणि छेद छेदाने गुणायची) युक्ती देतात, ती या वर्षी तरी टाळा. उत्तर चुकत नाही, पण १/४ + ३/८ चं २०/३२ होऊन बसतं. पावाचे दोन अष्टमांश केले की ५/८ सरळ दिसतं.

प्रश्न : ६१८ ला ६ ने भागून मुलगा १३ लिहितो. पाढे तर पक्के आहेत.

उत्तर : चूक पाढ्यांची नाहीच. १ दशक खाली उतरवला, ६ चा भाग गेला नाही, म्हणून त्याने लगेच ८ उतरवून १८ केले. मधलं शून्य वर लिहायचं राहिलं. याला बऱ्याचदा आपलंच वाक्य कारणीभूत असतं : ‘भाग जात नाही, पुढचा अंक घे.’ त्याऐवजी ‘शून्य वेळा जातो’ म्हणा, म्हणजे ते शून्य लिहावं लागतं. एक अंक उतरवला की वर एक अंक बसलाच पाहिजे.

चौकटीची वही घ्या, वर श, द, ए लिहा. भागण्याआधीच विचारा : उत्तर किती अंकी? सहाशेत सहाचा भाग शंभर वेळा जातो, मग १३ कसे? सरावाला ७४९ ÷ ७, १५३० ÷ ५, ४२१६ ÷ ४ द्या. ९६० ÷ ४ अवश्य द्या. तिथे शेवटचं शून्य गळून २४ उरतं.

प्रश्न : पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीड यांचे जुने पाढे) पाठ करून घ्यावी का?

उत्तर : पाठांतराची गरज नाही. पण पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात कानावर पडू द्या. पावणेतीन म्हणजे पाव उणे तीन, २ ३/४. मुलं बहुधा ३ ३/४ लिहितात. घड्याळ दाखवा : पावणेतीन वाजता तास काटा तीनच्या अलीकडेच असतो.