इमारतीवरून उडीचा एक व्हिडिओ फिरतोय. असा व्हायरल स्टंटचा व्हिडिओ खोटा आहे हे कसं ओळखायचं? असल्या व्हिडिओंना फक्त अडाणी लोकच फसतात ना?

प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण तोच झोंबला. नाही. कमी शिकलेला माणूसही फसतो, पण त्याला समजावून सांगता येतं. एखाद्या इंजिनिअरला समजावून दाखवा, मग बोलू.

माझे दाजी मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. मी व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या संगणकी करामतींत, त्यातही कंपोझिटिंगमध्ये. नट ज्या तारेला लटकलेला असतो ती तार एकेका फ्रेममधून पुसायची, आणि जे शूटिंगच्या वेळी तिथं नव्हतं ते बेमालूम बसवायचं, यावर माझं पोट आहे. म्हणजे या एका विषयात तरी घरात शेवटचा शब्द माझा असायला हरकत नव्हती.

मार्च 2012 मध्ये एका डच तरुणाचा व्हिडिओ आला. पाठीवर कापडी पंख, गवतावरून धावत येतो, हात फडफडवतो आणि चक्क उडतो. नाव यार्नो स्मेट्स. नुसता तेवढा व्हिडिओ असता तर दाजींनीही हसून सोडून दिला असता. पण हा गडी त्याआधी कित्येक महिने ब्लॉग लिहीत होता. पंखांची रेखाटनं, जुळणी, चाचण्या, अडचणी, सगळं त्यात. माणसाच्या हातात उडण्याइतकी ताकद नसते हे त्यानं स्वतःच मान्य करून टाकलेलं. हातांनी फक्त इशारा द्यायचा, वी या गेम खेळायच्या यंत्राचे कंट्रोलर आणि मोबाइलमधला ॲक्सलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) तो टिपणार, आणि पंख हलवायचं जड काम मोटर करणार.

दाजी तिथंच गारद झाले. "अगं, ॲक्सलरोमीटर आहे त्यात!" मी जणू ॲक्सलरोमीटरच्या अस्तित्वावरच शंका घेतली होती.

मी माझ्या परीनं किल्ला लढवला. टोरांटो विद्यापीठाच्या मंडळींनी 2010 मध्ये 'स्नोबर्ड' नावाचं पंख हलवणारं, माणसाच्या ताकदीवर चालणारं विमान खरोखर उडवलं होतं. त्याच्या पंखांचा पसारा होता 32 मीटर, सुरुवातीला गाडीनं ओढून हवेत न्यावं लागलं, आणि तिथून पुढं स्वतःच्या बळावर ते उडालं 19.3 सेकंद. हे मी दाजींना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्यात मोटर नव्हती." मग विजेचं बिल उलटं करून त्यावर पेन्सिलीनं आकडेमोड सुरू झाली. पंखांचं क्षेत्रफळ, वजन, वेग, लागणारे वॅट. दोन संध्याकाळी. मधूनमधून फोन: "निघतंय बघ. थोडं ओढूनताणून, पण निघतंय."

मी म्हटलं, जमीन सोडतानाचा क्षण मला खटकतोय. काय खटकतंय ते नेमकं सांगता येईना, व्हिडिओ इतका थरथरता आणि फाटका होता. त्यावर दाजी जे बोलले ते मी अजून विसरलेले नाही. "तुझं कामच ते आहे ना, तुला सगळीकडे तार दिसणारच." ताई हसली. ताईनं हसायला नको होतं.

आठवडा संपायच्या आत तो गडी डच टीव्हीवर आला आणि म्हणाला, मी यार्नो स्मेट्स नाही. तो फ्लोरिस काइक, फिल्ममेकर आणि ॲनिमेटर. सगळं रचलेलं. त्याच्यावरचा संशय पक्का झाला तोही नुसत्या गणितामुळं किंवा फ्रेम मोजून नाही. पत्रकारांनी त्यानं सांगितलेलं शिक्षण आणि नोकऱ्या तपासल्या, तर त्या ठिकाणी त्या नावाचा माणूस कुणाला माहीत नव्हता. एवढ्या साध्या चौकशीला ना दाजी गेले, ना मी. ते गणितात अडकले, मी फ्रेममध्ये. आपापल्या विद्येची दोघांनाही मस्ती.

मी फोन केला. पलीकडून दोन सेकंद शांतता, मग: "म्हणजे तत्त्वतः शक्य आहे." आणि वर, "खोटं निघालं तर निघालं. मजा आली ना? कुणाचं काय गेलं?"

दाजी, तुमच्या दोन संध्याकाळी गेल्या. इतरांचं काय जातं तेही ऐका. 15 ऑक्टोबर 2009 ला अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका कुटुंबानं कळवलं की घरी बनवलेला तबकडीच्या आकाराचा फुगा सुटलाय आणि सहा वर्षांचा मुलगा आत आहे. नॅशनल गार्डची (तिथल्या राखीव सैन्याची) हेलिकॉप्टरं मागे लागली, सगळ्या वाहिन्यांवर थेट प्रक्षेपण. फुगा उतरला तेव्हा रिकामा. पोरगं पडलंय म्हणून लोक शोधत फिरले, आणि ते होतं घरीच, गॅरेजच्या वरच्या माळ्यावर. रात्री टीव्हीवर मुलाखत चालू असताना ते पोर बापाला म्हणालं, तुम्हीच म्हणालात ना की हे आपण शोसाठी करतोय! बापाला 90 दिवसांची कैद झाली, आईला 20 दिवसांची, भरपाई 36,000 डॉलर. (न्यायालयात गुन्हा कबूल केला असला तरी आईबापांनी पुढं 'बनाव नव्हताच' अशी भूमिका घेतली, आणि 2020 मध्ये गव्हर्नरनं त्यांना माफीही दिली. दाजी हे शोधून काढणारच, म्हणून आधीच सांगितलं.)

आता ओळखायचं कसं. फ्रेम थांबवून बघणं कधीकधी चालतं. डिसेंबर 2012 चा मॉन्ट्रियलचा व्हिडिओ आठवतोय? बागेत गरुड येतो आणि लहान मूल उचलतो. तो एकेक फ्रेम पुढं ढकलत बघा. गरुडाची जमिनीवरची सावली काही फ्रेम गायब आहे, आणि गरुडानं सोडल्यावरही मूल क्षणभर वरच जात राहतं. गरुड आणि मूल दोन्ही थ्रीडी, ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रकल्प. काम मात्र फर्मास. माझ्याकडे नोकरीला आले असते तर घेतलं असतं.

पण ही युक्ती 2013 च्या त्या नाचणाऱ्या मुलीवर चालवून बघा. हातांवर उलटी उभी राहून, पाय दाराला टेकवून नाचते, दार उघडतं, ती मेणबत्त्यांच्या टेबलावर पडते, कपड्यांना आग लागते, व्हिडिओ संपतो. कितीही फ्रेम मोजा, काही सापडणार नाही, कारण पडणं खरं होतं आणि आगही खरी होती. मुलगी स्टंट करणारी व्यावसायिक. अमेरिकन टीव्हीवरचा विनोदी सूत्रसंचालक जिमी किमेल आठवड्याभरानं पूर्ण व्हिडिओ घेऊन आला, त्यात आग विझवायचं नळकांडं घेऊन तो स्वतःच खोलीत शिरतो. खोटं फक्त एवढंच, की हे चुकून घडलं. म्हणून मी आता चित्राआधी शेवट बघते. ऐन मोक्यावर व्हिडिओ तुटतो का? मोबाइल धरणाऱ्यानं मुलीकडे धाव घेतली की शूटिंग चालू ठेवलं? खात्यावर आधी काही आहे की जन्मच या एका व्हिडिओसाठी झालाय? आणि यातून कुणाचं काय विकलं जाणार आहे? 2008 मध्ये मोबाइलच्या लहरींनी मक्याचे दाणे फुटतात असा व्हिडिओ फिरला होता, तो ब्लूटूथ हेडसेट विकणाऱ्या कंपनीनं बनवला होता.

प्रामाणिकपणा म्हणून एक सांगायला हवं. नोव्हेंबर 2013 मध्ये व्होल्वोची ती जाहिरात आली. उलटे चाललेले दोन ट्रक एकमेकांपासून हळूहळू लांब जातात आणि मारधाडीच्या सिनेमांतला नट जाँ-क्लोद व्हान डॅम दोन्हींवर एकेक पाय ठेवून पूर्ण फाकतो. भर जेवणात मी जाहीर केलं की ट्रक जागचे हललेलेच नाहीत आणि आकाश मागून चिकटवलंय, इतकं सोनेरी आकाश खऱ्यात नसतं. दाजी भात कालवत शांतपणे म्हणाले, "मला खरं वाटतंय." खरंच होतं. स्पेनमधल्या बंद पडलेल्या विमानतळावर, सूर्योदयाला, एका टेकमध्ये. तेव्हापासून कुठंही सुंदर सूर्योदय दिसला की दाजी मला फोटो पाठवतात. खाली एवढंच: "चिकटवलंय का?"

तर एक-एक बरोबरी आहे. पण माझी चूक जेवणापुरती होती, विजेच्या बिलावर मी ती सिद्ध करायला बसले नव्हते.

आणि हो, सावलीबिवलीचं जे सांगितलं ते एआयच्या आधीचं. आता यंत्र सावलीही ठीकठाक पाडतं, त्यामुळं 'सावली आहे म्हणजे खरं' असा उलटा अर्थ काढू नका. माणूस कोण आहे, पहिल्यांदा कुठं टाकलं आणि पुढं काय कापलंय, हे तीन प्रश्न मात्र अजून चालतात.

तुम्ही इमारतीवरून उडीचा जो व्हिडिओ म्हणताय त्याची लिंक दिलेली नाही, म्हणून तो खरा की खोटा हे सांगत नाही. पहिल्यांदा जिथं टाकला गेला तिथली प्रत मिळाली तर पाठवा. शंभर हातांतून फॉरवर्ड झालेली नको, दाबून दाबून तिच्यात बघण्यासारखं काही उरत नाही.