सिस्टरला विचारा : पडद्यावरचा वॉर्ड

डॉक्टरी मालिकांमधलं काय पटतं आणि काय खटकतं, असं मी मागच्या अंकात विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. व्हेंटिलेटरवर असलेल्या नायिकेची लिपस्टिक हलत कशी नाही, हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की त्याचं उत्तर मेकअपवालाच देऊ जाणे. बाकीच्यांपैकी ही चार पत्रं.

चिपळूणहून एक वाचक : मॉनिटरवर सरळ रेघ येते, डॉक्टर छातीवर दोन इस्त्र्यांसारखं काहीतरी टेकवतात, पेशंट उडतो आणि रेघ पुन्हा नाचायला लागते. माझे सासरे गेले तेव्हा डॉक्टरांनी शॉक दिलाच नाही. घरात अजून त्यावरून बोलणं होतं. द्यायला हवा होता का?

तुमच्या सासऱ्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी काही म्हणत नाही. पण रेघ खरोखर सरळ झाली असेल तर शॉक देत नाहीत. हृदय नुसतं थरथरत असतं, मॉनिटरवर वेडीवाकडी रेघ धावत असते, तेव्हा शॉक द्यायचा. त्याने थरथर थांबते आणि हृदय आपल्या मूळ तालावर येईल अशी आशा असते. सरळ रेघेत थांबवण्याजोगं काही उरलेलंच नसतं. तिथे छाती दाबत राहायची आणि हृदयाला चेतवणारं अॅड्रिनलिन हे औषध द्यायचं. (वॉर्डात सरळ रेघ दिसली की आम्ही आधी पेशंटकडे बघायचो. पुष्कळदा त्याने कूस बदललेली असायची आणि वायर निसटलेली.)

आता छाती दाबण्याचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल, कोपर ताठ ठेवून. बरगडी मोडते, हाताला ते कळतं. दोन मिनिटांत दाबणाऱ्याचा दम जातो, मग दुसऱ्याने पुढे यायचं. मालिकेत कोपर वाकवून हलकंच दाबतात, कारण खाली झोपलेला नट धडधाकट असतो आणि त्याला उद्याही शूटिंग असतं.

अमेरिकेत १९९६ साली काही डॉक्टरांनी 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या तीन मालिकांचे भाग बसून पाहिले. हृदय बंद पडलेल्यांपैकी पाऊणएक जण पडद्यावर तिथल्या तिथे वाचले आणि जवळजवळ दोन तृतीयांश घरी गेले. खऱ्या जगात, तिथल्या सुसज्ज रुग्णालयातसुद्धा, असे चार-पाच जणांत एखादाच घरी जातो. शिवाय मालिकेतले पेशंट बहुतेक तरुण किंवा लहान मुलं. आमच्याकडे यायचे ते सत्तरीचे, मधुमेहाचे, किडनी थकलेले. नातेवाईक बाहेर थांबलेले असायचे आणि त्यांच्या डोक्यात तो पडद्यावरचा आकडा. "शॉक का नाही दिला?" हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलंय. त्यांना दोष देत नाही, पण आपण काय केलं आणि का केलं, हे नातेवाइकांना बसवून सांगायला डॉक्टरांना दहा मिनिटं मिळत नाहीत, म्हणून मालिकाच त्यांना शिकवून जाते. तुम्ही अजूनही त्या डॉक्टरांना भेटून विचारू शकता. विचाराच.

नाशिकहून नर्सिंगची विद्यार्थिनी : मालिकेत नर्स फक्त "डॉक्टर, डॉक्टर, पेशंटची तब्येत…" एवढंच ओरडत येते. वर्गात आम्ही हसतो, पण वाईटही वाटतं. आमचं काम दाखवणारी एकही मालिका नाही का?

आहे गं, पण परदेशी. 'द पिट' बघ. पिट्सबर्गच्या एका आपत्कालीन विभागातली पंधरा तासांची ड्यूटी, एका भागात एक तास. त्यातली इन्चार्ज सिस्टर डेना सगळा विभाग चालवते : कुठला बेड रिकामा होतोय, कुठला नवा डॉक्टर गोंधळलाय, कोणाच्या बायकोला आधी आत घ्यायचंय. ती भूमिका करणाऱ्या कॅथरीन लानासा यांना २०२५ मध्ये एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. ताटकळलेला एक पेशंट तिला ठोसा मारतो, तो भाग मी उठून पाणी पिऊन आल्यावर पुरा केला. महाराष्ट्रात अशा हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून कायदा आहे. तो वॉर्डाच्या भिंतीवर लावलेला असतो आणि मारणारा तो वाचून मारत नाही.

आपल्याकडच्या 'मुंबई डायरीज २६/११'मध्ये मृण्मयी देशपांडेने शिकाऊ डॉक्टर चांगली केलीय, धावपळही खरी वाटते. पण मला त्या रात्रीच्या अंजली कुलथेंची मालिका बघायची आहे. कामा रुग्णालयात त्या रात्रपाळीला होत्या. गोळीबार सुरू झाल्यावर त्यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना पँट्रीत नेऊन लपवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला प्रसूतिकक्षात पोचवलं. पुढे कसाबला ओळखायला त्या उभ्या राहिल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलल्या. लेखकांनो, यात वाढवून लिहायला काय हवंय?

सोलापूरहून एक निवृत्त शिक्षक : मला 'हाउस' ही अमेरिकी मालिका आवडते. असा एकच डॉक्टर, जो काहीही ओळखतो, आपल्याला का भेटत नाही?

सर, डॉ. हाउसची माणसं रक्त स्वतः तपासतात, एमआरआय स्वतः करतात, पेशंटच्या घरात घुसून सिंकखालचे डबेसुद्धा स्वतःच हुंगतात. त्या रुग्णालयात लॅब टेक्निशियन, मावशी, मामा कोणीच नाही. इतका रिकामा वेळ असेल तर आमचे हाउसमन, म्हणजे वॉर्डातले नवशिके डॉक्टरही, खूप काही ओळखतील.

तरी एक खरी गोष्ट तुम्हाला आवडेल. जर्मनीतल्या मारबुर्गला ५५ वर्षांचा एक माणूस आला. हृदय थकलेलं, ताप, ऐकू येईना, दिसेना. प्राध्यापक शेफर आपल्या तासाला 'हाउस'चे भाग दाखवून शिकवत, त्यामुळे त्यांना तशीच एक केस आठवली : खुब्याच्या कृत्रिम सांध्यातून झिजून रक्तात गेलेला कोबाल्ट. तेच निघालं. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापूनही आलं. पण शेफरांना ते जुळवता आलं, कारण खुब्याचं जुनं ऑपरेशन त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे "आधी काही ऑपरेशन?" विचारलं की उत्तर "नाही" येतं आणि सदरा वर केला की टाके दिसतात. तेव्हा सर, जुनं डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची रिकामी पाकिटं, सगळं एका पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगून ठेवा.

बार्शीहून एक वाचक : ऑपरेशन चालू असताना डॉक्टर खरंच प्रेमाच्या गप्पा मारतात?

गप्पा मारतात, पण बदलीच्या, लोकलच्या आणि मुलांच्या फीच्या. मास्क मात्र कोणी उतरवत नाही. मालिकेत उतरवतात, कारण तिथे पैसे चेहऱ्याचे दिलेले असतात.