कॉर्टिसोल कमी असेल तर शरीरात पाणी साठवणारं एडीएच वाढतं का?

हो, वाढतं. एडीएच, म्हणजेच व्हॅसोप्रेसिन, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावतं. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींचं कॉर्टिसोल हे संप्रेरक त्याला हायपोथॅलॅमसमध्येच लगाम घालतं. कॉर्टिसोल घटलं की हा लगाम सुटतो, पाणी अंगात राहतं आणि रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलीइक्विव्हॅलंटच्या खाली उतरू शकतं.

अ‍ॅडिसनच्या आजारात, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीच निकामी होतात तेव्हा, तर दुहेरी मार बसतो. मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉनही कमी पडल्याने लघवीवाटे मीठ जातं, रक्तदाब उतरतो आणि तो सावरायला शरीर आणखी एडीएच सोडतं.

म्हणूनच घरातल्या कुणाचं सोडियम वारंवार उतरत असेल, सोबत थकवा, मळमळ असेल, तर नुसतं मीठ वाढवून भागत नाही. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल तपासायलाच हवं. माझ्या मते ही तपासणी फार उशिरा सुचते. कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारं हायड्रोकॉर्टिसोन हे औषध सुरू झालं की भरपूर लघवी होऊन सोडियम चढू लागतं. मात्र ते झपाट्याने चढलं तर मेंदूला इजा होऊ शकते, त्यामुळे हे उपचार रुग्णालयातच, सोडियम पुन्हापुन्हा मोजत व्हायला हवेत. आणि बरेच दिवस चालू असलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या कृपया आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्यानेही कॉर्टिसोल कमी पडून सोडियम उतरू शकतं.