बायोडाटा कोणाच्या कपाटात?

प्रश्न : इंदूरमधील आमच्या मराठी मंडळाच्या वधूवर नोंदणीचे काम मी गेली अकरा वर्षे पाहते. पूर्वी पालक रविवारी सकाळी मंडळात येऊन फॉर्म भरून देत असत. आता मुले पुणे, बंगळूर, अमेरिका अशी पांगली आहेत आणि बायोडाटा, पत्रिका, छायाचित्रे मंडळाच्या जीमेल खात्यावर येतात. त्यांत जन्मवेळ, पगार, घरचा पत्ता आणि काही वेळा घटस्फोटाचा निकालही असतो. कार्यकारिणीतील एका तरुण सदस्याचे म्हणणे असे की, गूगल ही सारी पत्रे वाचून जाहिरातदारांना विकते, तेव्हा आपण स्वित्झर्लंडच्या प्रोटॉन मेलवर जावे. खजिनदारांच्या मते स्वदेशी झोहो बरे. मंडळाजवळ यासाठी पैसे नाहीत. आम्ही काय करावे? – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : आपल्या तरुण सदस्यांना पडलेली शंका योग्य आहे, मात्र तिच्यासाठी त्यांनी दिलेले कारण जुने झाले आहे. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले तेव्हा पत्रांतील मजकूर संगणकाकडून तपासून घेऊन त्याला अनुसरून जाहिराती दाखवल्या जात, आणि त्यावरून तेव्हाही बरेच वादंग झाले होते. ही पद्धत थांबवत असल्याचे गूगलने जून २०१७ मध्ये जाहीर केले. आज ‘प्रमोशन्स’सारख्या टॅबमध्ये ज्या जाहिराती दिसतात, त्या पत्रांच्या मजकुरावरून निवडल्या जात नाहीत, असे कंपनी सांगते, गूगलच्या इतर सेवांमधील आपल्या वावराचा मात्र त्यांच्याशी संबंध असतो. पत्रे उचलून जाहिरातदाराच्या हाती दिली जातात, हे म्हणणे तर कधीच बरोबर नव्हते. तरीही स्पॅम आणि व्हायरस ओळखण्यासाठी, तसेच ‘स्मार्ट फीचर्स’ चालू ठेवल्यास पत्राचा सारांश काढणे किंवा उत्तर सुचवणे यांसाठी कंपनीची यंत्रणा मजकूर तपासतेच. ही फीचर्स सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करता येतात. त्यामुळे गूगल पत्रे विकते का, यापेक्षा गूगलला ती वाचता येतात का, असे विचारणे अधिक नेमके ठरेल. आणि त्याचे उत्तर ‘येतात’ असेच आहे.

आपल्या मंडळात फॉर्म ठेवण्याचे लोखंडी कपाट असेलच. जीमेल, आउटलुक, याहू आणि झोहो या चारही सेवांत कपाटाला कुलूप असते, वाटेत पत्र सहसा कोणाला फोडता येत नाही, पण कुलपाची एक किल्ली नेहमी कंपनीकडे राहते. प्रोटॉन आणि जर्मनीतील हॅनोव्हरची टुटा, जी २०२३ पर्यंत टुटानोटा या नावाने ओळखली जात होती, या दोन सेवांनी ही किल्ली आपल्याकडे न ठेवण्याची व्यवस्था केली आहे. पत्र खात्यात जमा होताच ते कूटबद्ध होते आणि त्यानंतर ते खातेदाराच्या पासवर्डाशिवाय उघडत नाही. या सेवा जाहिराती दाखवत नाहीत. वर्गणी भरणाऱ्या ग्राहकांच्या पैशांवर फुकट खाती चालतात. गोपनीयतेच्या दृष्टीने मला ही गोष्ट स्विस आल्प्सच्या चित्रांपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण ज्या कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून नाही, तिला ग्राहकाच्या पत्रांत डोकावण्याचे फारसे कारण उरत नाही.

तथापि, आपल्या कामात एक अडचण आहे आणि तिच्याकडे कार्यकारिणीचे लक्ष गेलेले दिसत नाही. दोन प्रोटॉन खात्यांमधील पत्र आरंभापासून अखेरपर्यंत बंद राहते. परंतु भोपाळहून किंवा बॉस्टनहून बायोडाटा पाठवणारे पालक जीमेलवरच असणार, आणि त्या पत्राची प्रत त्यांच्या ‘सेंट’मध्ये, म्हणजे गूगलच्याच कपाटात, राहणार. आपण प्रोटॉनवरून वरपक्षाला साधे पत्र पाठवले, तर त्यांच्या जीमेलमध्येही ते तसेच उघडे पडून राहील. प्रोटॉनमध्ये पत्राला वेगळा पासवर्ड घालून ते बाहेरच्या खात्यावर पाठवण्याची सोय आहे आणि ती फुकट खात्यातही मिळते. मात्र तो पासवर्ड पालकांना फोनवर सांगावा लागेल, आणि अशा शंभर फोनांपैकी किती आपणास करवतील याचा हिशेब आपणच करावा. शिवाय प्रोटॉनमध्ये पत्राचा विषय आणि पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता हे कंपनीला दिसणाऱ्या भागात राहतात. (टुटा आपल्या खात्यातील विषयाची ओळसुद्धा कूटबद्ध ठेवते.) म्हणून विषयाच्या ओळीत ‘अमुक मुलगी, घटस्फोटित, सुदामानगर’ असे लिहिण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास आहे, ती सेवा कोणतीही घेतली तरी आजच सोडावी. नोंदणी क्रमांक पुरेसा आहे.

‘स्वित्झर्लंड’ म्हणजे कायद्याच्या पलीकडचा प्रदेश, ही समजूतही बरोबर नाही. २०२१ मध्ये फ्रान्समधील एका पर्यावरण आंदोलकाच्या चौकशीत स्विस अधिकाऱ्यांच्या बंधनकारक आदेशावरून प्रोटॉनला त्या खात्याचा आयपी पत्ता (म्हणजे खाते ज्या इंटरनेट जोडणीवरून उघडले जाते तिचा क्रमांक) नोंदवून द्यावा लागला. पत्रांचा मजकूर मात्र कंपनीला उघडता येत नसल्यामुळे दिला गेला नाही. अशा सेवेची ताकद कोठवर आहे आणि कोठे संपते, हे या एका प्रकरणातून चांगले समजते.

खजिनदारांच्या सूचनेविषयी थोडक्यात सांगतो. झोहो ही चेन्नईची कंपनी असून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची ईमेल व्यवस्था तिच्या मंचावर नेली गेली आहे. तिच्या फुकट खात्यांतही जाहिराती नसतात आणि मंडळाचे स्वतःचे डोमेन, म्हणजे इंटरनेटवरील स्वतःच्या नावाचा पत्ता, असल्यास पाच जणांपर्यंत वेगवेगळी खाती मिळू शकतात. परंतु देशी असणे आणि आपली किल्ली कंपनीकडे नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि झोहोचे साधे खाते या बाबतीत जीमेलच्याच रांगेत बसते. टुटाचे फुकट खाते केवळ खाजगी वापरासाठी असल्याने मंडळाने ते घेऊ नये.

आता मंडळाच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळतो. बायोडाटा आपण नेमका कोणापासून जपत आहात? आपल्या पत्रात लिहिलेले नाही, तरी अनुभवावरून विचारतो : त्या जीमेल खात्याचा पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे? अशा मंडळांत तो बहुधा अध्यक्ष, सचिव, दोन जुने सदस्य आणि एखाद्या सदस्याचा भाचा, एवढ्यांना माहीत असतो आणि वर्षानुवर्षे बदललेला नसतो. तेथून बायोडाटा व्हॉट्सअॅपवर जातो, व्हॉट्सअॅपवरून मावशीकडे, आणि मावशीकडून राजवाड्याजवळच्या दुकानात प्रिंट काढायला. ज्या मुलीचा पगार चारचौघांत कळला, तिचा तो गूगलमुळे कळलेला नसतो.

म्हणून माझा सल्ला असा. प्रोटॉनचे नवे खाते जरूर घ्यावे, कारण जमा झालेला साठा कंपनीला न वाचता येणे हा खरा फायदा आहे आणि तो फुकट मिळत आहे. फुकट खात्यात जागा साधारण १ जीबी मिळते. छायाचित्रांसह एका बायोडाट्याला २ एमबी धरले, तर पाचशेच्या आसपास नोंदी मावतात, तेव्हा लग्न ठरल्यावर नोंद काढून टाकण्याची शिस्त आपोआप लागेल. खाते दोघांकडेच असावे आणि त्याला द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डाखेरीज आणखी एक कोड मागणारी सोय, लावावी. खाते उघडताना मिळणारी बारा शब्दांची ‘रिकव्हरी फ्रेज’ कागदावर लिहून लिफाफा मोहोरबंद करावा आणि तो मंडळाच्या कपाटात ठेवावा. पासवर्ड विसरल्यावर ती हाताशी नसेल, तर खाते पुन्हा सुरू करता आले तरी जुनी पत्रे उघडत नाहीत. जुन्या जीमेलमधून नव्या खात्याकडे पत्रे आपोआप फॉरवर्ड करून थांबू नये, कारण त्यांची प्रत मागे राहते. फॉर्मवर नवा पत्ता छापावा, सहा महिन्यांनी जुने खाते रिकामे करावे, आणि फॉर्मवरच ‘ही माहिती कोणाला व किती काळ दाखवण्यास आमची संमती आहे’ अशी ओळ घालून सही घ्यावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ही ओळ त्याच दिशेची आहे.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो. निवृत्तिवेतन, विमा, आयकर या सर्वांना माझे एकच जुने ईमेल खाते जोडलेले आहे. मुलगा म्हणतो की ते सर्व गोपनीय सेवेवर न्यावे. करू का? – एक ज्येष्ठ वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : घाई करू नये, असे मी म्हणेन. बँकेचे पत्र बँकेने लिहिलेले असते, आयकराचे पत्र आयकर खात्याला ठाऊक असते. ते कूटबद्ध कपाटात ठेवल्याने आपल्याविषयी नवी गुप्तता फारशी निर्माण होत नाही. आपल्या वयाला खरा धोका खात्याबाहेर अडकण्याचा असतो. तो माझ्याही वाट्याला आला आहे : एका फुकट सेवेवरचे माझे जुने खाते कित्येक महिने न उघडल्यामुळे आतल्या पत्रांसकट रिकामे झाले, आणि त्यातील वडिलांच्या विम्याची पावती पुन्हा मिळवण्यासाठी मला चार फेऱ्या माराव्या लागल्या. अटी माझ्या वाचण्यात आल्या नव्हत्या, त्या सेवेने लिहून ठेवलेल्या होत्या. टुटाच्या फुकट खात्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे. गूगल दोन वर्षे न वापरलेली व्यक्तिगत खाती काढून टाकू शकते.

प्रोटॉनविषयी भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. चेन्नईतील शाळांना आलेल्या बॉम्बच्या धमक्यांनंतर २०२४ मध्ये ही सेवा भारतात बंद करण्याची मागणी पुढे आली होती, आणि एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात तिच्यावर बंदीची कार्यवाही सुरू करण्यास केंद्र सरकारला सांगितले. गुन्हेगाराच्या पत्रामुळे सबंध टपालखाते बंद करावे, हे मला पटत नाही. पण ज्या पत्त्यावर निवृत्तिवेतन अवलंबून आहे, तो अशा वादात अडकवू नये, एवढे खरे.

आपले खाते याहूवर असल्यास मात्र पासवर्ड आजच बदलावा. २०१३ च्या चोरीत तिची त्या वेळची सर्वच्या सर्व, म्हणजे ३०० कोटी, खाती चोरांच्या हाती लागली होती, आणि हा पूर्ण आकडा कंपनीने २०१७ मध्ये सांगितला. खाते कोणत्याही सेवेवर असो, पडताळणीसाठी दिलेला मोबाईल क्रमांक आपलाच आहे ना, हे तपासावे. पुण्यातील मुलाने सोडून दिलेल्या जुन्या सिमवर वडिलांचे ओटीपी जात असल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मुलाची इच्छा राखायची असेल, तर नातेवाईकांचा आणि डॉक्टरांचा पत्रव्यवहार नव्या खात्यावर न्यावा आणि बँक जुन्यावर राहू द्यावी.

प्रश्न : मी पत्र उघडले हे पाठवणाऱ्याला कसे कळते? – एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : अशा पत्रात बहुधा एक अदृश्य, जेमतेम एका ठिपक्याएवढे चित्र दडवलेले असते. पत्र उघडताच ते चित्र पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि त्या मागणीची तेथे वेळेसह नोंद होते. जीमेल चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, त्यामुळे आपला आयपी पत्ता त्यांना मिळत नाही. मात्र पत्र उघडल्याचे कळू शकते. सेटिंग्जमध्ये ‘इमेजेस’ या ठिकाणी बाहेरची चित्रे विचारूनच दाखवण्याचा पर्याय निवडावा. प्रोटॉनमध्ये असे पाळत ठेवणारे ठिपके मुळातच अडवले जातात. चित्रे बंद केल्यावर कपड्यांच्या दुकानांची पत्रे थोडी उजाड दिसतील.