श्वासाकडे बघितलं की श्वासच अडकतो

*ताई, माझं वय ४१. वर्षभर धाकधूक, छातीत धडधड आणि रात्री तीनला जाग. हृदयाच्या तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी अँग्झायटीची गोळी दिली, तिने बराच फरक पडला. मग मैत्रिणीच्या आग्रहाने माइंडफुलनेसचा वर्ग लावला. रोज अर्धा तास श्वासाकडे लक्ष द्यायचं. पण डोळे मिटले की दोन-चार श्वासांतच छाती आवळते, ठोके कानात ऐकू येतात. अलीकडे तर फारच. मन एक मिनिट जागेवर राहत नाही. सर म्हणतात, "आतली घाण बाहेर पडतेय, वेळ वाढवा." बाकीचे सगळे कसे शांत बसलेले असतात! माझंच मन इतकं वाईट आहे का? (गोळ्यांची गरज उरणार नाही असं सर म्हणाले, म्हणून पंधरा दिवसांपासून अर्धीच घेते. डॉक्टरांना अजून बोलले नाही.) मी तुमच्यापेक्षा धाकटीच असेन, अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल.*
*ता. क. घरचे विचारतात, इतके दिवस डोळे मिटून बसतेस, मग अजून चिडतेस कशी?*
*— श्वासात अडकलेली*

अगं, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू कंसात घातलीस. आधी तीच घेऊ.

गोळी पंधरा दिवसांपूर्वी अर्धी झाली आणि धडधड "अलीकडे तर फारच". या दोन ओळी शेजारी ठेवून बघ. अशा बऱ्याच गोळ्या एकदम कमी केल्या की गरगरतं, झोप उडते, चिडचिड होते, छाती धडधडते. म्हणजे तुला जो त्रास होतोय त्यातला काही ध्यानामुळे असेल, काही मूळ दुखण्याचा, आणि काही चक्क त्या अर्ध्या गोळीचा. कुठला किती, हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि तुझे सरही सांगू शकत नाहीत. म्हणून डॉक्टरांना आजच फोन कर. "मी स्वतःहून अर्धी केली" असं सरळ सांग. ते रागावतील म्हणून गप्प राहू नकोस. त्यांच्या दृष्टीने हे नेहमीचं आहे. पुढे किती घ्यायची तेही त्यांनाच ठरवू दे, घाईघाईने आपल्या मनाने परत पूर्णही करू नकोस.

गोळ्यांची गरज उरणार नाही हे सरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, हेही सांगते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात अँग्झायटीचा आजार असलेल्या २७६ जणांपैकी काहींना एस्सिटालोप्राम ही गोळी दिली, काहींना आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा कोर्स. शेवटी दोन्ही गटांना जवळपास सारखाच उतार पडला. पण तो कोर्स म्हणजे दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, शिवाय घरी रोज पाऊण तास, आणि शिकवणारे तयारीचे. ब्रिटनमध्ये नैराश्य पुन्हा पुन्हा येणाऱ्या ४२४ लोकांवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात एका गटाने औषध सुरू ठेवलं, दुसऱ्याने माइंडफुलनेस शिकत शिकत ते हळूहळू कमी केलं. दोन वर्षांत नैराश्य परतण्याचं प्रमाण अनुक्रमे ४७ आणि ४४ टक्के, म्हणजे फारसा फरक नाही. तरी तिथेही गोळी उतरवताना डॉक्टर सोबत होते. कोणी सांगितलं म्हणून अर्धी तोडली, असं तिथे झालं नव्हतं.

आता छाती आवळते त्याबद्दल. श्वास आपोआप चालतो आणि आपण ठरवलं तर आपल्या ताब्यातही येतो. त्यामुळे "नुसतं बघा" म्हटलं तरी आपण नकळत त्याला ओढायला लागतो. श्वास मोठा आणि भराभर होतो, शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात, छाती आखडते. ज्याला आधीच धडधडीची धास्ती आहे, त्याला वाटतं, झालं, सुरू झालं! या भीतीने ठोके आणखी वाढतात. यात तुझ्या मनाचा वाईटपणा कुठे आला? वर्षभर छातीवर पहारा देणाऱ्या बाईला रोज अर्धा तास छातीकडेच बघायला बसवलंय, दुसरं काय होणार!

"घाण बाहेर पडतेय" हे वाक्य मला मुळीच पटत नाही. ते कशालाही लागू पडतं. बरं वाटलं तर ध्यानाचा गुण, त्रास झाला तरी ध्यानाचाच गुण. ध्यानाचा काहींना त्रास होतो, हे संशोधनात नोंदलं गेलंय. ८३ अभ्यास एकत्र पाहणाऱ्या २०२० मधल्या एका आढाव्यात हे प्रमाण सुमारे ८ टक्के निघालं, आणि त्यात अस्वस्थता आणि नैराश्य सर्वांत जास्त. अशा वेळी वेळ वाढवायचा नाही, कमी करायचा.

मग करायचं काय? काही दिवस श्वासाला सुट्टी दे. खुर्चीवर बस, डोळे उघडे, नजर समोर खाली. पावलं जमिनीवर टेकव आणि लक्ष तिथे ने. टाचेवर दाब जास्त की चवड्यावर? फरशी गार लागते का? अंगठा आणि शेजारचं बोट एकमेकांना टेकलंय का? डाव्या पावलाला जे कळतं तेच उजव्याला कळतं का? इतकंच. पाच मिनिटांच्या वर नाही. मधेच ठोके ऐकू आले तर त्यांना हाकलायचं नाही. ऐकू येतायत, ठीक, पावलं कुठे आहेत? तेही जड गेलं तर उठून चाल आणि पाऊल टेकताना, उचलताना काय कळतं ते बघ. हा कमी दर्जाचा सराव आहे असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. बसून श्वासच बघायला हवा असा काही नियम नाही.

मन भटकतं याचं तर अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. दिवसभरात मधूनमधून फोनवरून "आत्ता मन कुठे आहे?" असं २,२५० लोकांना विचारणारा एक अभ्यास २०१० मध्ये झाला. हातातलं काम सोडून मन दुसरीकडे असण्याचं प्रमाण जवळजवळ ४७ टक्के निघालं. वर्गात शांत बसलेल्यांच्या डोक्यातही राहिलेली बिलं आणि काल कोणी काय टोमणा मारला हेच चाललेलं असतं, फक्त चेहऱ्यावर दिसत नाही. मन गेलं हे कळलं आणि परत आणलं, की सराव झाला. वीसदा गेलं तर वीसदा झाला.

अपेक्षाही बेताची ठेव. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात हा माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, तेव्हा औषधांनी पुरता आराम न पडलेले, जुनाट वेदनांचे रुग्ण त्यांच्याकडे येत. दुखणं नाहीसं करू असा दावा नव्हता, दुखण्यासोबत जगणं थोडं सोपं व्हावं एवढंच. पुढे ४७ चाचण्या आणि सुमारे ३,५०० लोक धरून २०१४ मध्ये मोठा आढावा निघाला. अस्वस्थता, नैराश्य, वेदना यांत थोडा ते मध्यम म्हणावा असा फायदा दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा सरस असल्याचं मात्र दिसलं नाही, आणि झोपेच्या बाबतीत पुरावा तुटपुंजाच होता. तेव्हा रात्री तीनची जाग डॉक्टरांपुढे वेगळी मांड, ती ध्यानावर सोडू नकोस.

वर्ग सोडायचा की नाही ते सरांशी बोलून ठरव. "मला श्वासाचा त्रास होतो, मी डोळे उघडे ठेवून पावलांवर लक्ष देईन" असं सांग. चांगला शिक्षक लगेच हो म्हणेल. नाही म्हणाले, किंवा पुन्हा गोळीचा विषय काढला, तर फी गेली असं समजून बाहेर पड. आणि बसल्यावर भोवतालचं सगळं खोटं वाटायला लागलं, जुनं काही भयंकर डोळ्यांसमोर यायला लागलं किंवा झोप आणखी उडाली, तर पावलंबिवलंही बंद कर आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठ.

राहता राहिली ता. क. ध्यानाने माणूस चिडायचा थांबतो असं घरच्यांना कोणी सांगितलं? जमलं तर एवढंच होतं, की आवाज चढायच्या जरा आधी आपलं आपल्याला कळतं. त्यांना हे सांग, आणि ती पाच मिनिटं दार वाजवू नका हेही सांग.